आपली पाठ वळली तरी

मैत्रिणींनो, वॉर्डाची इनचार्ज सिस्टर म्हणजे सतत ओरडणारी बाई, असंच तुम्हाला वाटतं ना? तीस वर्षं पांढऱ्या साडीत काढली, म्हणून सांगते, ओरडण्यानं वॉर्ड चालत नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्याला ठाऊक ती हातात दिवा घेतलेली. पण १८५४ साली ३८ जणींना घेऊन स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेलेली ही बाई हिशेबाची मोठी पक्की! 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये तिनं व्यवस्थेवर एक अख्खं प्रकरण लिहिलंय. आपली पाठ वळली तरी रोग्याची आबाळ होऊ नये, हे त्याचं सार.

म्हणून पाळी बदलताना आम्ही खाटेखाटेशी उभं राहून काम सोपवायचो. सलाइन कधी संपेल, उपाशी कुणाला ठेवायचंय, सगळं. "कुणीतरी बघा गं" हे माझ्याकडे बंद होतं. नाव घेऊनच सांगायचं.

एकदा रात्रपाळीची नवी मुलगी चाचरत म्हणाली, "सिस्टर, याला पेनिसिलीन चालत नाही म्हणते याची आई." केसपेपरवर नोंद नव्हती. इंजेक्शन थांबवलं, डॉक्टरांना बोलावलं. सकाळी सगळ्यांदेखत तिची पाठ थोपटली. तेव्हापासून बाकीच्याही बोलू लागल्या. धाकात मुली गप्प बसतात, आणि ते रोग्याच्या जिवावर बेततं.

घरी कुणी आजारी असेल तर औषधांच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला लावा. प्रत्येक वेळेपुढे एकेकाचं नाव घाला. आणि मग घटकाभर तुम्हीही निर्धास्त पडा!