जीपच्या पोटातली भंगाराची पेटी

तुमच्या गाडीत मागे आत्ता काय काय सुटं पडलंय, एकदा बघून याल का? जॅक, पान्यांची पिशवी, दोर, पाण्याचा कॅन? गाडी उभी असेपर्यंत हा पसारा गरीब वाटतो. पण ब्रेक दाबल्यावर गाडी थांबते, जॅक थांबत नाही.

तंजावरला आमच्या अप्पांची जुनी जीप आहे, मागे समोरासमोर दोन बाकं असलेली. पट्टुकोट्टैजवळ आमची थोडी नारळाची बाग आहे. 16 नोव्हेंबर 2018 च्या पहाटे गजा चक्रीवादळ आलं आणि त्या भागातल्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. तेव्हा जीपमध्ये चढलेले दोर, कोयते, करवत, ताडपत्री पुढे कधी उतरलेच नाहीत. एकदा खड्ड्यापाशी जोरात ब्रेक लागला आणि जॅक सरकत जाऊन आईच्या घोट्यावर आदळला. हाड वाचलं. पण जॅकच्या शेजारीच करवत होती, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

तयार पेट्या महाग, शिवाय आमच्या बाकांमधल्या 40 सेंटिमीटर जागेत एकही बसेना. मग आम्ही ‘पळैय इरुंबु कडै’ गाठलं, म्हणजे जुन्या लोखंडाचं दुकान. तंजावरला आलेल्या पाहुण्यांना सगळे मोठं देऊळ दाखवतात, मान डोलावणाऱ्या बाहुल्या दाखवतात. इथे कुणी आणत नाही. बीए इंग्रजी करून दिवसभर लॅपटॉपवर मजकूर लिहिणारी मी, अप्पांशी मराठीत सल्लामसलत आणि दुकानदार अण्णांशी तमिळमध्ये घासाघीस करत होते. व्यंकोजीराजांच्या काळापासून इथल्या मराठी घरांना ही कसरत अंगवळणी पडली आहे म्हणा!

मिळालं काय? मोडक्या कॉटचे 25 मिलिमीटरचे अँगल आणि जुन्या कपाटाचा पत्रा. सांगाडा अँगलचा, भिंती पत्र्याच्या. 120 सेंटिमीटर लांब, 40 रुंद, 25 उंच. कपाटाचा पत्रा साधारण 0.8 मिलिमीटरचा असतो, त्यामुळे सगळी पेटी 20 किलोच्या आतबाहेर झाली. दुप्पट जाड पत्रा घेतला असता तर 30 किलोवर गेली असती, आणि ते ओझं जीपने रोज वाहायचं.

भंगार निवडताना तीन गोष्टी मी अजिबात घेणार नाही. जस्ताचा मुलामा असलेले पाइप, कारण वेल्डिंग करताना त्यांचा धूर छातीत गेला तर थंडी वाजून ताप येतो. तेलाचे किंवा पेट्रोलचे रिकामे डबे. आत राहिलेली वाफ ठिणगीने पेट घेते, मग डबा कितीही धुतलेला दिसू दे. आणि बोल्ट. पेटी जुन्या लोखंडाची चालेल, पण तिला धरून ठेवणारे बोल्ट नवेच हवेत.

वेल्डिंग आम्ही पट्टरैत, म्हणजे कारागिराच्या शेडमध्ये करून घेतलं. त्याआधी जोडाच्या जागचा जुना रंग घासून काढावा लागतो, नाहीतर जोड पोकळ राहतो. जमिनीला भोक पाडण्यापूर्वी गाडीखाली वाकून बघा. ब्रेकची आणि डिझेलची नळी नेमकी तिथूनच गेलेली असते. बोल्टखाली रुंद पट्टी घाला, म्हणजे झटक्याने पत्रा फाटणार नाही. बाकं मात्र काढू नका. आसनसंख्या बदलली की गाडी आरसी बुकाशी जुळत नाही आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा प्रश्न येतो.

तळाला चार भोकं ठेवली, पावसाचं पाणी निघून जायला. आत जुनी टायरची ट्यूब कापून अंथरली, त्यामुळे खडखडाट गेला. वर रेड ऑक्साईड, त्यावर फाटकाचा उरलेला हिरवा रंग. जॅक आणि साखळी तळाशी, प्रथमोपचाराची डबी झाकणालगत, करवत म्यानात घालून कडेला बांधलेली.

आता अप्पांना टपावरही एक कॅरिअर हवंय, त्याच भंगारातलं. वजन उंचावर गेलं की कालव्याकाठच्या उतारावर जीप कलंडायला वेळ लागत नाही, असं मी म्हणते. अप्पा म्हणतात, फक्त ताडपत्रीच तर ठेवायची आहे. वाद चालू आहे.