फियाटची पाठचिकित्सा

सिंदी मेघे वर्धा शहराला इतके लागून वाढले आहे, की गाव कोठे संपते आणि शहर कोठे सुरू होते हे नवख्याच्या ध्यानी येऊ नये. येथील आमच्या घराच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली, वडिलांची १९७१ सालची फियाट ११०० उभी आहे. तिचाच वंश पुढे पद्मिनी नावाने घरोघरी पोचला. वडील गेल्यापासून या गाडीचे काय करावे, याचा खल घरात चालू आहे. विकावी असे कोणीच म्हणत नाही. वाद आहे तो तिच्या रूपाचा.

थोरल्या बंधूंच्या मते गाडी वापरायची तर ती आजची करावी: मारुतीचे इंजिन, पुढे डिस्क ब्रेक, शिवाय एसी. मिस्त्रींनीही तीच री ओढली. "सर, इंजिनच बदलून टाका. मग बोनेट उघडायचं कामच नाही पडणार." पुतण्याचा पक्ष नेमका उलटा. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली तशीच ती करावी, एक स्क्रूसुद्धा परका नको.

कायदा दोघांनाही अडवतो. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. म्हणजे शुद्ध ठेवली तर आईला तीतून बाजारात नेता येणार नाही. शुद्धतेची ही किंमत आम्हांस जास्त वाटते.

मराठीच्या अभ्यासकाला अशा वेळी एकनाथ आठवल्यावाचून राहत नाहीत. शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीत तीन शतकांत पाठभेद शिरले होते. नाथांनी शके १५०६ मध्ये ती शुद्ध केली आणि यापुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असे बजावले. तरीही १९०९ साली राजवाड्यांना नाथपूर्व वाटलेली पोथी छापण्याची गरज भासलीच. कारण शुद्धी करणाराचा हातही संहितेत उरतो. (वर्गात हा मुद्दा आम्ही अनेकदा मांडला आहे, तो मडगार्डलाही लागू पडेल असे तेव्हा वाटले नव्हते.)

गंज पाहण्यासाठी मिस्त्रींनी दाराखालचा रंग खरवडला. वरचा निळा, त्याखाली राखाडी, अगदी तळाशी मोतिया. निळा रंग आमच्या बहिणीच्या लग्नाच्या वेळचा. पुढची जाळी नंतरच्या पद्मिनीची, एका बैलगाडीशी झालेल्या टकरीनंतर बसवलेली. डॅशबोर्डखाली चष्मा ठेवायला वडिलांनी डालड्याच्या डब्याचा पत्रा वाकवून केलेला कप्पा आहे. पुतण्याच्या हिशेबाने हे सारे प्रक्षिप्त. मुंबईच्या टॅक्स्यांचे तरी काय होते? सीएनजीच्या टाक्या पोटात घेऊन त्या वर्षानुवर्षे धावल्या, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात अखेरची टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा लोकांनी निरोप दिला तो त्याच बदललेल्या रूपाला.

तेव्हा आम्ही असे ठरविले आहे. १०८९ सीसीचे इंजिन तेच राहील, स्टिअरिंगजवळचा गिअरही. रंग निळाच. जाळी आणि कप्पा जागच्या जागी. डायनामो काढून अल्टरनेटर बसवायचा, म्हणजे रात्री दिवे मिणमिणणार नाहीत. जुना डायनामो पुसून माळ्यावर ठेवायचा. सीटबेल्ट हवेतच, त्यावर चर्चा नाही. पत्रा मात्र कोठेही कापायचा नाही. पुतणे महाशय अजून रुष्ट आहेत.

राहिला एसी. वर्ध्याचा मे महिना ४५ अंशांना भिडतो. त्या उन्हात पेट्रोलपंपात वाफ धरून गाडी बंद पडे, तेव्हा वडील पंपावर ओले फडके ठेवून सावलीत थांबत. कॉम्प्रेसरचा भार हे जुने इंजिन पेलणार नाही आणि त्यासाठी डॅशबोर्डही कापावा लागेल, असे आम्ही आईला सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत निघत जाऊ. ती तिकोनी काच तेवढी नीट उघडेल असे कर.