गव्हर्नरची स्टेपनी

चि. सायली,


तुमच्या लागोसच्या कार्यक्रमाला गव्हर्नरऐवजी डेप्युटी गव्हर्नर आले आणि ऑफिसातले लोक ‘स्टेपनी आली’ म्हणून हसले, असं तू लिहिलंस. नायजेरियात या पदाची ही थट्टा जुनीच. तू मात्र इतक्यात हसू नकोस.

आपला राज्यपाल दिल्लीहून नेमला जातो. तिकडचा गव्हर्नर लोकांनी निवडलेला, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्याच्या जागी. त्यांच्या १९९९च्या राज्यघटनेप्रमाणे जोडीला डेप्युटीचं नाव दिल्याशिवाय गव्हर्नरपदाची उमेदवारीच ग्राह्य धरत नाहीत. दोघं एकाच मतावर निवडून येतात. त्यानंतर डेप्युटीला काम काय द्यायचं, हे गव्हर्नरच्या मर्जीवर! आपल्याकडे नेमकं उलटं. उपमुख्यमंत्रिपदाचा घटनेत उल्लेखही नाही. पण हाताशी अर्थ किंवा गृह खातं असलं की उपमुख्यमंत्र्याच्या दाराशी रांग लागते.

मर्जी फिरली की काय होतं, ते एडो राज्यात दिसलं. डेप्युटी फिलिप शैबूंना स्वतःला गव्हर्नर व्हायचं होतं, गव्हर्नर ओबासेकींना ते नको होतं. २०२३मध्ये शैबूंचं कार्यालयच गव्हर्न्मेंट हाउसच्या आवाराबाहेर हलवलं गेलं. एप्रिल २०२४मध्ये विधानसभेने त्यांना पदावरून काढलं. जुलैत कोर्टाने ती कारवाई रद्द ठरवली.

ओंडोची गोष्ट याहून चमत्कारिक. २०२३मध्ये गव्हर्नर आकेरेदोलू आजारी पडले, उपचारांसाठी जर्मनीला गेले. रजेचं पत्र विधानसभेकडे गेलं, म्हणून डेप्युटी आयेदातिवा हंगामी गव्हर्नर झाले. सप्टेंबरमध्ये आकेरेदोलू परतले, पण राजधानी अकुरेत न येता दुसऱ्याच राज्यात, इबादानला राहिले. नवं पत्र नाही, त्यामुळे डेप्युटीच्या हाती अधिकार नाहीत. उलट त्यांनाच काढायच्या हालचाली सुरू! सगळं राज्य एका सहीसाठी खोळंबलं. शेवटी डिसेंबरमध्ये पत्र गेलं. २७ डिसेंबरला आकेरेदोलू वारले आणि त्याच दिवशी आयेदातिवांनी गव्हर्नरपदाची शपथ घेतली. माझ्या मते दोष माणसांपेक्षा त्या ‘मर्जी’च्या कलमाचा आहे. एखादं खातं कायद्यानेच डेप्युटीकडे दिलं असतं, तर निम्मी भांडणं मिटली असती.

नशिबाची साथ असली तर हीच खुर्ची पार वर नेते, हेही खरं. गुडलक जोनाथन बायेल्साचे डेप्युटी होते. २००५मध्ये गव्हर्नरवर महाभियोग झाला आणि जोनाथन गव्हर्नर झाले. पुढे उपराष्ट्राध्यक्ष, आणि २०१०मध्ये राष्ट्राध्यक्ष.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. नायजेरियात अजून एकही स्त्री गव्हर्नर म्हणून निवडून आलेली नाही. व्हर्जिनिया एटियाबा आनंब्राच्या गव्हर्नर झाल्या, त्याही डेप्युटी असल्यामुळे. २००६च्या नोव्हेंबरमध्ये गव्हर्नर पीटर ओबींना हटवलं म्हणून त्या आल्या. फेब्रुवारीत कोर्टाने ओबींना परत बसवलं. हल्ली बऱ्याच राज्यांत डेप्युटी म्हणून बाई असते. बिनकामाची जागा बाईला देऊन पक्ष मोकळे होतात, असं मला इथून वाटतं. तुझ्या ऑफिसातल्या बायकांचं यावर काय म्हणणं आहे, ते सविस्तर लिही.

तुझा,
मामा