चौदा नंबर

तहसील कचेरीत तिला पूर्ण नावानं कुणी ओळखत नाही. गाव नमुना नंबर 14, गावच्या जन्ममृत्यूची नोंदवही. जुनी माणसं कोतवाल बुक म्हणतात, बाकीचे नुसतं 'चौदा नंबर'. कापडी रुमालात बांधलेली, कडा झिजलेली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्याचा पाऊस तिला मानवत नाही. ओल धरली की पानं एकमेकांना चिकटतात, शाई फाकते, आणि वाळवी शिरली तर एकाच जागी वीस पानांतली माणसं जातात.

बोलते ती मोजकं. तारीख, मयताचं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, जात, वय, कारण. ताप. पटकी. देवी. वय बहुधा चाळीस, पन्नास, साठ असं गोळाबेरीज सांगितलेलं, कारण जन्मतारीख ठाऊक कुणाला होती? जुनी पानं मोडीत आहेत. मोडी वाचणारं माणूस मिळेपर्यंत ती समोर असूनही मुकी असते.

पणजोबाची मृत्यूनोंद शोधत येणाऱ्यांना ती पहिल्या दिवशी बहुतेक निराश करते. 'नोंद आढळून येत नाही' असा शेरा हाती पडतो आणि माणूस वहीला दोष देत निघून जातो. तो दोष मला मान्य नाही. तिला कळायचं ते कोतवालानं आणलेल्या खबरीतून. प्लेगच्या साथीत गावं रिकामी झाली, लोक रानात खोपी घालून राहिले. 1918 च्या इन्फ्लुएंझात अख्खं घर अंथरुणाला खिळलेलं असताना खबर द्यायला उठायचं कुणी? सर्वांत जास्त माणसं गेली त्याच महिन्यांत तिच्या ओळी विरळ असू शकतात, हे शोधणाऱ्यानं धरून चालावं.

आणि तिचा एक नियम पक्का आहे: गावच्या शिवेबाहेर मेलेला माणूस तिचा नव्हे. 1969 चा जन्ममृत्यू नोंदणी कायदाही तेच सांगतो, मृत्यू जिथं घडला तिथंच नोंद. आजरा, चंदगड, भुदरगडच्या किती घरांतले पुरुष मुंबईच्या गिरण्यांत होते! लालबाग-परळच्या खोल्यांतून, गावकऱ्यांच्या सोबतीनं राहिलेले. त्यांतला एखादा केईएम रुग्णालयात वारला असेल, तर त्याचं नाव गावच्या चौदा नंबरात कितीही उलटपालट केली तरी मिळणार नाही. ते मुंबई महापालिकेच्या एफ-दक्षिण वॉर्डात शोधावं लागेल. गिरणी कामगारांच्या घरांसाठी वारस कागद जमवू लागले, तेव्हा अनेक घरांना हा हिशोब प्रथमच मांडावा लागला.

दप्तराचा इतिहासही ध्यानात ठेवावा लागतो. आजरा इचलकरंजीकर घोरपड्यांच्या जहागिरीत होतं, जहागीर कोल्हापूर संस्थानात, आणि संस्थान 1 मार्च 1949 ला मुंबई राज्यात विलीन झालं. पुढं आजरा महाल, मग तालुका. कारभार बदलला की कागदांची कपाटंही बदलतात. म्हणून एका कचेरीतला नकार शेवटचा मानू नये. कोल्हापूरचं पुरालेखागारही विचारून पाहावं.

चौदा नंबर गप्प राहिली तर तिची भावंडं बोलतात. सहा नंबर, म्हणजे फेरफार, त्यांतलं सगळ्यांत भरवशाचं. जमीनवाला मेला की वारस लागतात, आणि वारसाच्या फेरफारात 'अमुक तारखेस मयत' हे बहुधा येतंच. मरणाची नोंद हरवते, पण जमिनीची सहसा कुणी हरवू देत नाही. सातबारावर कंसात गेलेलं नाव आणि शेजारचा फेरफार क्रमांक धरून मागं मागं गेलं, तर कितीतरी पणजोबा सापडतात.

पणजी मात्र अशी सापडत नाही. जमीन तिच्या नावे नव्हती. नवऱ्याआधी गेली असेल तर वारस म्हणूनही ती फेरफारात येत नाही. तिच्या नावाचा सरकारी कागद असलाच तर तो एकच, चौदा नंबरातली ती ओळ. म्हणून या वहीचं एक पान फाटलं की पुरुषाचा एक पुरावा जातो, बाईची सगळी नोंदच जाते. त्या ओळीतसुद्धा तिची ओळख नवऱ्याच्या नावाला बांधलेली, माहेर कुठलंच नाही. स्कॉटलंडमध्ये 1 जानेवारी 1855 पासून सक्तीची नोंदणी सुरू झाली, तेव्हापासून मृत्यूच्या नोंदीत मयताच्या बापाबरोबर आईचं नाव आणि तिचं माहेरचं आडनावही लिहिण्याची रीत आहे. तिथं मुलाच्या मरणाच्या एका ओळीवरून आईच्या माहेरापर्यंत पोचता येतं. आपल्याकडं ती वाट कागदावर कधी आखलीच गेली नाही.

2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी राज्यभर कुणबी नोंदींचा शोध झाला. बांधून पडलेले रुमाल सुटले, मोडी वाचकांना बोलावणी आली, या वह्यांची पानं अनेक वर्षांनी उजेडात आली. चांगलंच झालं. पण तो शोध जातीच्या रकान्याचा होता. शेजारच्या रकान्यात 'काशी', 'भागू', 'यसू' अशी नावं आहेत, ती शोधायला अजून कुणी बसलेलं नाही. आजऱ्यातल्या प्रत्येक गावची चौदा नंबर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्कॅन व्हावी, देवनागरीत उतरावी, आणि तिची सूची करताना मयत बाईचं नाव नवऱ्याच्या नावाआधी घ्यावं. पुढचा पावसाळा तोंडावर येण्याआधी या कामाला हात घातला पाहिजे.