डिसेंबरातले पाहुणे

डिसेंबर लागला की बडोद्यात परदेशस्थ मंडळी यायला लागतात आणि उत्तरायणाचे पतंग उडवूनच परततात. आमच्या अभियांत्रिकी शाखेतही माजी विद्यार्थी डोकावतात. व्याख्यान होते, शाल-श्रीफळ होते, फोटो निघतो. त्यांची माया खरी असते, पण मुलांच्या पदरात फारसे पडत नाही. ज्ञान एखाद्या कामाच्या निमित्तानेच हातातून हातात जाते, आणि ते काम इथल्या माणसानेच पुढे ठेवायचे असते.

सयाजीराव महाराजांना हे नेमके कळले होते. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात बोलावले. ते १९१३ पर्यंतच राहिले. पण तेवढ्यात त्यांनी ग्रंथपालांसाठी वर्ग काढला आणि मोफत वाचनालयांची घडी बसवली. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठीत निघू लागले. बॉर्डन मायदेशी गेले तरी पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेडोपाडी जात राहिल्या, कारण ते काम चालवणारी माणसे इथे तयार झाली होती.

याच शहराने परदेशातून शिकून आलेल्या माणसाशी नाते तोडलेही आहे. संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेले बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली नोकरीवर रुजू व्हायला बडोद्यात आले, तर त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहातून त्यांना काठ्या उगारून बाहेर काढले. १९२५ साली त्यांचा प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ निघाला. त्याला प्रस्तावना कोलंबियाच्या प्राध्यापक सेलिग्मन यांची होती आणि तो अर्पण केला होता सयाजीरावांना. गुरूंशी संबंध टिकला, महाराजांविषयीची कृतज्ञता टिकली. कमी पडले ते आमचे गाव. याची मला आजही शरम वाटते.

पुढे दिवस पालटले. परदेशात संशोधन करून आलेले सी. व्ही. रामकृष्णन इथल्या विद्यापीठात जीवरसायन विभागाचे प्रमुख झाले. त्यांचे चिरंजीव वेंकटरामन, २००९ चे नोबेल मानकरी, १९७१ साली इथूनच भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झाले. भौतिकशास्त्रावरची बर्कलेची आणि फाइनमन यांची अमेरिकन पुस्तके तेव्हा नुकतीच इथल्या अभ्यासक्रमात आली होती.

आता माझ्या प्रयोगशाळेतली गोष्ट. हीट एक्स्चेंजरवर मुलांचा हिशेब जुळत नव्हता: गरम पाण्याने दिलेली उष्णता थंड पाण्याने घेतलेल्या उष्णतेपेक्षा फारच जास्त भरत होती. टेक्सासच्या एका रिफायनरीत काम करणारा माझा जुना विद्यार्थी व्हिडिओ कॉलवर होता. त्याने अहवाल बाजूला ठेवायला लावला आणि कच्ची वही मागितली. वहीची पाने बघून म्हणाला, “सर, दोन्ही बाजूंचे थर्मोकपल आपसात बदला आणि पुन्हा रीडिंग घ्या.” बदलल्यावर तफावत उलटी झाली. पाण्याच्या हिशेबात चूक नव्हतीच. एक थर्मोकपल चुकीचे तापमान दाखवत होता. ही युक्ती आमच्या पुस्तकात नाही. रात्रपाळीत प्लँट सांभाळणाऱ्याच्या अंगात ती मुरलेली असते.

तो कॉल झाला, कारण मुलांकडे अडलेला प्रश्न होता आणि वही खरी होती. देणग्या आणि फलक यांची मला हरकत नाही, पण त्यांनी असे नाते जुळत नाही.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एकच विनंती आहे. या डिसेंबरात तुमच्या कॉलेजात असा पाहुणा आला, तर सभागृहात नेण्याआधी त्याला प्रयोगशाळेत न्या, मुलांची वही उघडून द्या आणि पुढच्या महिन्यातल्या कॉलची तारीख तिथेच ठरवून घ्या.