रत्नागिरी जिल्हा : भूमि, माणसें आणि कारभार

संस्कृत वाङ्मयांत ज्यास अपरान्त म्हणतात, त्या कोंकणपट्टींत रत्नागिरी जिल्हा वसलेला आहे. रघूचें सैन्य सह्याद्रीलगत पसरलें, तेव्हां परशुरामाच्या अस्त्रानें दूर लोटलेला समुद्रच जणूं पुन्हा पर्वतास येऊन भिडला, अशी कल्पना कालिदासानें रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत केली आहे. कल्पना कवीची असली, तरी भूगोलाच्या दृष्टीनें तींत मर्म आहे. पर्वत व समुद्र हीं दोन्हीं येथें इतकीं निकट आहेत, कीं मधल्या चिंचोळ्या भूमीचें सारें जीवित त्या दोघांच्या मर्जीवर चालतें. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचें मूळ गांव किंवा निदान कुलदैवत याच जिल्ह्यांत असेल. परंतु आपलें गांव ठाऊक असणें निराळें आणि आपला जिल्हा ठाऊक असणें निराळें. म्हणून मंडणगडापासून राजापुरापर्यंत सावकाश प्रवास करून आम्हीं जें पाहिलें, त्यास पूर्वीं वाचलेल्या माहितीची जोड देऊन तें येथें सादर करीत आहों.

जिल्ह्याचें क्षेत्रफळ ८,२०८ चौरस किलोमीटर आहे. पूर्वेस सह्याद्रि, पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस सावित्री नदीपलीकडे रायगड जिल्हा आणि दक्षिणेस सिंधुदुर्ग, अशा याच्या मर्यादा होत. वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी या नद्या सह्याद्रींत उगम पावून थोडक्याच अंतरावर समुद्रास मिळतात. त्यांच्या मुखाशीं दाभोळ, जयगड, भाट्ये, पूर्णगड अशा खाड्या झाल्या आहेत. दाभोळहून समोरच्या धोपाव्यास आतां फेरीबोटीनें मोटारगाडीसकट जातां येतें. त्यामुळें दापोलीहून गुहागरास जाण्याचा मोठा वळसा वांचला आहे.

पाऊस येथें तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो. तरीसुद्धां चैत्र-वैशाखांत कित्येक वाड्यांवर टँकरनें पाणी न्यावें लागतें. परक्या माणसास हें नवल वाटेल, पण कारण उघड आहे. नद्या आखूड व उताराच्या, म्हणून पाणी धांवत समुद्रास जातें. आणि सड्यावरचा जांभा दगड सच्छिद्र असल्यामुळें जें मुरतें तेंही फार काळ टिकत नाहीं. याच जांभ्याचे चिरे काढून कोंकणांतलीं घरें, विहिरी व गडगे बांधले जातात. शिवाय कोयनेच्या वीजगृहांतून सुटलेलें पाणी वाशिष्ठीस मिळून समुद्रास जातें, तें निराळेंच. पाण्याचा दुसरा अवतार चिपळूणकरांनीं २२ जुलै २०२१ रोजीं पाहिला. त्या महापुरांत घरें व दुकानें तर बुडालींच, पण १८६४ सालीं स्थापन झालेल्या तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या ग्रंथांचीही मोठी हानि झाली. शाळामास्तराचें मन अशा वेळीं दुकानांपेक्षां कपाटांशींच अधिक रेंगाळतें, याबद्दल वाचक आम्हांस क्षमा करतील.

सड्यांची दुसरी एक संपत्ति अलीकडे जगापुढें आली आहे. ती म्हणजे कातळशिल्पें. राजापूर तालुक्यांतील कशेळीच्या सड्यावर एक प्रचंड हत्ती कोरलेला असून त्याच्या देहांत इतर प्राण्यांच्या आकृति आहेत. कोंकणांतील हीं शिल्पें २०२२ सालीं युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसास्थळांच्या यादींत आलीं. ज्या सड्यास गांवकरी गुरें चारण्यापलीकडे किंमत देत नसत, त्यावर कोणा अज्ञात पूर्वजांनीं आपली चित्रशाळा मांडून ठेविली होती, हें पाहून आम्ही थक्क झालों.

आतां माणसांविषयीं. कुणबी, मराठा, भंडारी, खारवी, मुसलमान, बौद्ध, ब्राह्मण असे नाना समाज येथें पिढ्यान्‌पिढ्या शेजारीं नांदत आले आहेत. किनाऱ्यावर हर्णैसारख्या बंदरांत मासळीचा लिलाव गजबजतो. त्यामागें माड-पोफळींचीं आगरें. त्यावर आंबा-काजूच्या बागा. आणि सह्याद्रीच्या कुशींत भात व नाचणी. जिल्ह्यानें देशास दिलेलीं माणसें मोजूं गेल्यास बोटें पुरत नाहींत. लोकमान्य टिळक रत्नागिरीस १८५६ सालीं जन्मले, कवि केशवसुत मालगुंडचे, साने गुरुजी पालगडचे. महर्षि धोंडो केशव कर्वे मुरूडचे. परीक्षेसाठीं डोंगर तुडवीत ते साताऱ्यापर्यंत पायीं गेले. भारतरत्न पांडुरंग वामन काणे याच जिल्ह्याचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें मूळ गांव आंबडवे हें मंडणगड तालुक्यांत आहे.

परंतु या नामावळींतच जिल्ह्याचें दुःखही दडलें आहे. हीं सारीं माणसें मोठीं झालीं तीं बाहेर जाऊन. २००१ च्या शिरगणतींत जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ सालीं ती १६,१५,०६९ झाली. देशाची वस्ती वाढत असतां या जिल्ह्याची एकाऐंशीं हजारांनीं घटली! त्याच शिरगणतींत दर हजार पुरुषांमागें १,१२२ स्त्रिया होत्या. हा आंकडा स्त्रीजन्माच्या स्वागताचा नव्हे, तर पुरुष मुंबईस गेल्याचा आहे. चाकरमानी गणपतीस व शिमग्यास येतो, चार दिवस वाडी उजळते आणि पुन्हा दारास कुलूप लागतें. मागें राहतात त्या सासवा, सुना आणि थकलेले वृद्ध. एके काळीं मनीऑर्डरीवर, आणि आतां बँकेंत येणाऱ्या पैशावर त्या घर चालवितात, शेतही राखतात.

कारभाराचा इतिहासही लक्षांत घेण्याजोगा आहे. १८१८ सालीं पेशवाई संपल्यावर इंग्रजांनीं दक्षिण कोंकणचें ठाणें प्रथम बाणकोटास ठेविलें आणि १८२२ सालीं तें रत्नागिरीस हलविलें. दूरचें व सुरक्षित ठिकाण म्हणून ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा यास सरकारनें १८८६ सालीं येथें आणून ठेविलें. तो १९१६ सालीं येथेंच वारला. त्याचा राजवाडा आजही पाहावयास मिळतो. स्वातंत्र्यवीर सावरकर यांसही १९२४ ते १९३७ पर्यंत याच जिल्ह्यांत स्थानबद्ध ठेविलें होतें. त्या काळांत, १९३१ सालीं, सर्व हिंदूंस खुलें असें पतितपावन मंदिर येथें उभें राहिलें. १ मे १९८१ रोजीं दक्षिणेकडील तालुके वेगळे होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला. आज रत्नागिरींत मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा व राजापूर असे नऊ तालुके आहेत. महसुलाचा कारभार जिल्हाधिकारी व तहसीलदार यांजकडे, तर शाळा, दवाखाने व गांवचे रस्ते मुख्यत्वें १९६२ पासून चालत आलेल्या जिल्हा परिषदेकडे आहेत.

या जिल्ह्याच्या कारभारांत सर्वांत जुना व नाजूक विषय जमिनीचा. येथें खोती होती. सरकार व कूळ यांच्यामध्यें खोत उभा राहून वसूल करी, आणि राबणाऱ्या कुळाच्या हातीं फारसें उरत नसे. डॉ. आंबेडकरांनीं १९३७ सालीं मुंबईच्या विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडिलें. ती प्रत्यक्षांत गेली १९४९ च्या कायद्यानें, आणि पुढें कूळकायद्यानें कसणाऱ्यास मालकी मिळाली. आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं त्या काळाची कडू आठवण अद्याप सांगितली जाते. आमचें मत विचाराल तर, जो चिखलांत उभा राहिला त्यास भात मिळाला, हें न्यायाचेंच झालें. पण घर, आगर व बाग ज्यांच्याकडे उरली, त्यांनीं तरी तिचें काय केलें, हा प्रश्न आज खरा आहे.

गुहागर-दापोलीकडे आम्हीं कित्येक घरें अशीं पाहिलीं, कीं ओटी व माजघर भक्कम, पण पडवीचें छप्पर बसलेलें आणि दारावर गंजलेलें कुलूप. विचारतां कळतें, कीं सातबाऱ्यावर आजोबांचें किंवा पणजोबांचें नांव आहे, अथवा वारसांचीं वीस-पंचवीस नांवें आहेत. कोणी पुण्यास, कोणी मुंबईस, कोणी परदेशीं. कौल फिरवावयाचे तर कोणी म्हणावें, 'माझा हिस्सा विसावा, मींच कां खर्च करावा?' विकावयाचें तर एकाची सही अडते. तंटा नसतां, केवळ आळसानें, घर मातीस मिळतें. आणि पुढें एखादा दलाल एकेक हिस्सेदार गांठून तीच भूमि कवडीमोलानें घेतो.

उपाय कायद्यांत आहे आणि तो अवघडही नाहीं. प्रथम मयताच्या वारसांची नोंद करून घ्यावी. लोक ज्यास तलाठी म्हणतात, त्या गांवच्या महसुली अधिकाऱ्याकडे त्यासाठीं अर्ज करावा लागतो. वारसांत मुलींचीं नांवें गाळूं नयेत. २००५ च्या दुरुस्तीनें एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीस मुलासारखाच जन्मतः हक्क दिला आहे, आणि गाळलेलें नांव पुढें दावा होऊन उभें राहतें. सर्वांची संमति असल्यास जमीन महसूल अधिनियम, १९६६, याच्या ८५ व्या कलमान्वयें तहसीलदार शेतजमिनीची वाटणी करूं शकतात. वाटणी नको असेल, तर घराच्या डागडुजीसाठीं दरसाल वर्गणी ठरवून एकास लेखी अधिकार द्यावा.

येण्याजाण्याची अडचण आतां सबब म्हणून सांगतां येत नाहीं. आमच्या पिढीनें कुंभार्ली व आंबा घाटांतील धक्के खाल्ले. आतां १९९८ सालीं सुरू झालेल्या कोंकण रेल्वेनें करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा आणि पानवलचा ६४ मीटर उंच पूल ओलांडून माणूस सुखानें गांवीं पोहोंचतो. दापोलीस १९७२ पासून कृषि विद्यापीठ असून आंबा, काजू, नारळ यांविषयीं सल्ला तेथें मिळतो.

तेव्हां आमच्या वाचकांस विनंती एवढीच, कीं यंदा गणपतीस सारें कुटुंब एकत्र जमेल, तेव्हां आरतीनंतर घटकाभर सातबाऱ्याचा उतारा मधें ठेवून बसावें. वडीलधाऱ्यांनीं कोणता वाफा कोठें, विहीर कोणाच्या हिश्शांत, वाट कोठून, हें मुलांस लिहून द्यावें. तें सांगणारीं माणसें दिवसेंदिवस कमी होत आहेत.