मांजरेच्या कांठचा धूर

गेल्या माघ महिन्यांत गोदास्नानाच्या निमित्तानें आम्ही घरचीं सहा माणसें नांदेडास गेलों होतों. बरोबर आमच्या वृद्ध आत्याबाई होत्या. त्यांना दम्याचा जुना विकार. शहरच्या धुळींतून सुटका होऊन चार दिवस मोकळी हवा मिळेल, हाही हेतु होताच. नांदेडहून पुढें लातूर जिल्ह्यांत, मांजरा नदीच्या कांठीं, आमच्या वडिलोपार्जित जमिनीचा एक तुकडा आहे, तो पाहून यावयाचें ठरलें होतें. जमीन बटईनें दिलेली. अर्धा वाटा वेळेवर घरीं येतो. त्यापलीकडे तिची चौकशी करण्याचा प्रसंग आम्हांस कित्येक वर्षांत आला नव्हता.

गुरु गोविंदसिंगांचें निर्वाण १७०८ सालीं नांदेडास झालें. स्नान आटोपून आम्ही सचखंड गुरुद्वाऱ्याचें दर्शन घेतलें व लंगरांत पंक्तीस बसलों. शेजारीं अमृतसरहून सचखंड एक्स्प्रेसनें आलेले एक वृद्ध सरदारजी होते. आत्याबाईंचा खोकला ऐकून त्यांनीं आपल्या मुलखाची हकीकत सांगितली. पंजाबांत जमिनीखालचें पाणी आटूं लागलें, म्हणून २००९ सालच्या कायद्यानें भाताची लावणी पुढें ढकलण्यांत आली. त्यामुळें काढणीही लांबली, आणि भाताची कापणी व गव्हाची पेरणी यांच्यामध्यें जेमतेम दोन-तीन आठवडे उरले. यंत्रानें कापलेल्या भाताची काडी उचलावी केव्हां? तेव्हां शेतकरी ती पेटवून मोकळा होतो. एका दुखण्यावर औषध करावें तों दुसरें उद्भवावें, अशांतला हा प्रकार! आम्हीं सहानुभूतीनें मान हालविली आणि म्हणालों, "आमच्या महाराष्ट्रांत असलें कांहीं नाहीं." हे शब्द आमच्या चांगलेच लक्षांत राहणार होते.

दुपारीं लातूरच्या रस्त्यास लागलों. लोहें मागें पडलें, माळेगांव आलें. खंडोबाची मार्गशीर्षांतली प्रसिद्ध यात्रा होऊन गेल्यामुळें बैल-घोड्यांच्या बाजाराचें मैदान रिकामें होतें. पुढें अहमदपूर, चाकूर. दोन्ही बाजूंस काळीभोर जमीन. मधून मधून तिच्याहूनही काळे डाग दिसत. चालकास विचारतां कळलें कीं, ते सोयाबीनच्या भुसकटाचे व कपाशीच्या पऱ्हाट्यांचे जळलेले ढीग. तरीही आमचा डोळा उघडला नाहीं.

मांजरेच्या कांठीं पोंचलों तेव्हां दिवस मावळला होता. ऊंस नुकताच कारखान्यास गेलेला, आणि तोडलेल्या फडांत पाचट पेटलेलें. ज्वाळा क्षणांत माणसाच्या उंचीस जात व तितक्याच लवकर विझत. धूर मात्र वर न जातां पांढऱ्या चादरीसारखा गांवावर पसरत होता. हिवाळ्यांत सूर्यास्तानंतर जमीन लवकर निवते, तिच्या लगतची हवा थंड व जड होते, आणि वरची उबदार हवा झांकणासारखी बसते. मग धुरास वर वाट राहत नाहीं. त्यांतील सूक्ष्म कण केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्शाहूनही बारीक असल्यानें ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. आत्याबाईंना रात्रभर पाठ टेंकतां आली नाहीं. खिडक्या लावल्या, ओले पंचे टांगले, व्यर्थ! हवा बदलावयास आणलेल्या माणसास आम्हीं कोठें आणून ठेविलें, या विचारानें आमचाही डोळा लागला नाहीं.

सकाळीं बटईदार भेटावयास आला. आम्ही त्रासलेलेच होतों. हा उद्योग कोणाचा म्हणून विचारलें. तो शांतपणें म्हणाला, "मालक, आपल्याच रानाचा."

आमचा आवाज बसला. तो सांगूं लागला, "पाचट तसंच ठेवलं तर सऱ्यांतून पाणी फिरत नाही, उंदीर होतात. कुट्टी करायचं यंत्र भाड्यानं आणावं, तर खर्च कोणी द्यायचा? काडीपेटी दोन रुपयांची. पूर्वी दावणीला आठ बैल होते. कडबा, भुसकट सगळं त्यांच्या पोटात जायचं. तुराट्या चुलीला, कुडाला लागायच्या. आता दावण रिकामी, चूल गॅसची."

त्या साध्या माणसाच्या बोलण्यांत सगळी मीमांसा होती. शेत, गुरें व चूल यांची सांखळी तुटली, आणि जें धन होतें तो केर झाला. वस्तुतः हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघतें. तें कुजविलें तर त्याच्या जवळजवळ निम्म्या वजनाचें खत होतें. जाळल्यास त्यांतील नत्र बहुतेक उडून जातो आणि जमिनीच्या वरच्या थरांतील उपयुक्त जीवजंतु मरतात. पाचट सऱ्यांत दाबून हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपरफॉस्फेट व १० किलो जिवाणू-संवर्धक घातलें कीं तें शेतांतच कुजतें, अशी कृषितज्ज्ञांची शिफारस आहे. शिवाय त्याच्या आच्छादनानें ओल टिकते. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, पहिल्या खेपेस पांच लक्ष लिटर, तेथें ओल राखणारें हें पांघरूण जाळावें, याहून मोठा विपर्यास कोणता?

हें सारें आम्हीं त्यास मोठ्या उत्साहानें ऐकविलें. तो म्हणाला, "खरं आहे, मालक. पण खर्च?" आम्ही निरुत्तर झालों. ओसरीवर टेंकून बसलेल्या आत्याबाई धापा टाकीत म्हणाल्या, "अरे, अर्धं पीक आपलं, मग अर्धा धूरही आपलाच कीं!"

त्याच दिवशीं कुट्टीचा निम्मा खर्च आम्हीं सोसावा असें ठरलें. जळावयाचें राहिलेलें एक एकर तेवढें वांचलें. वैशाखांत बटईदाराचा निरोप आला कीं, त्या एकरास पाण्याची पाळी चार दिवस उशिरां द्यावी लागते. पुढच्या वर्षीं सगळेंच रान तसें ठेवूं. धुराच्या मानानें एक एकर म्हणजे कांहींच नव्हे, हें आम्ही जाणून आहों. परंतु आमच्याप्रमाणेंच ज्यांची चार एकर जमीन गांवीं बटईनें आहे, अशीं घरें या वाचकवर्गांत थोडीं नसतील. वाटा आला कीं नाहीं, हें आपण सर्व विचारतों. यंदा पाचटाचें काय केलें, एवढेंही विचारावें.